रायफलीची माशी : साधी की उजळणारी?

रायफलीच्या नळीच्या टोकाशी असलेल्या बारीक उभ्या खुंटाला मराठीत पूर्वापार ‘माशी’ म्हणतात. मागे, डोळ्याच्या बाजूला, खाच किंवा बारीक छिद्र असते. डोळा, खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आले की नेम जुळतो. दुर्बिणीविना चालणाऱ्या या साध्या जोडीला ‘आयर्न साइट’ हे नाव रूढ आहे. हीच जोडी अंधारात चमकणाऱ्या ठिपक्यांसहही बनवली जाते. त्यामुळे साधी निवडावी की उजळणारी, हा प्रश्न नेमबाजांना आणि सैन्यदलांना पडत आला आहे.

मानवी डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू रेखीव दिसते. म्हणून नेमबाज नजर माशीवर ठेवतो आणि लक्ष्य किंचित अंधुक झालेले चालवून घेतो. यामागे साधे त्रैराशिक आहे. खाच आणि माशी यांत 50 सेंटिमीटर अंतर असेल आणि माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर सरकली, तर 100 मीटरवर गोळी 20 सेंटिमीटर बाजूला जाते. माशी काळी आणि निस्तेज ठेवतात ती याचसाठी. उन्हात तिची एक कड चकाकली, तर डोळा तिचा मध्य चुकीचा धरतो. जुने नेमबाज माशीवर दिव्याची काजळी धरत, त्याचे कारण हेच.

ऑलिंपिकमधील 50 मीटर रायफल प्रकारात भिंगांची दुर्बीण चालत नाही. मागे छिद्र आणि पुढे गोल कडी असते, आणि त्या कडीत लक्ष्याचे काळे वर्तुळ बसवायचे असते. दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिक येथे 50 मीटर प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. 2024 मध्ये पॅरिसला त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक पटकावले. दोघांच्याही क्रीडाप्रकारात नजर याच अनलंकृत साधनावर खिळवावी लागते. लक्ष्यावर भरपूर उजेड असताना चमकत्या ठिपक्याची गरजच पडत नाही.

सूर्य मावळला की गणित बदलते. काळी माशी काळ्या पार्श्वभूमीत हरवते. शिवाय अंधारात डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटरपर्यंत विस्फारते, तर मागचे बारीक छिद्र आधीच तुटपुंजा असलेला प्रकाश अडवते. म्हणजे केवळ माशी उजळून भागत नाही, मागचे छिद्रही मोठे करावे लागते. अमेरिकेच्या एम-16ए1 रायफलीसाठी तयार झालेल्या रात्रीच्या जोडीत चमकत्या माशीबरोबर सात मिलिमीटरचे छिद्र होते, ते याचमुळे. इस्रायलच्या गलील रायफलीत आणि स्विस सैन्याच्या एसजी 550 मध्ये रात्रीचे ठिपके वेगळे ठेवलेले आहेत. ते हवे तेव्हाच वापरात आणायचे असतात, आणि दोन्हींचा हिशेब 100 मीटरपुरताच धरलेला आहे.

या ठिपक्यांत बहुधा ट्रिटियम असते. हा हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार काचेच्या सीलबंद कुपीत भरतात. कुपीला आतून दीपक पदार्थाचा लेप असतो आणि तो सतत मंद उजळत राहतो. बॅटरी लागत नाही. ट्रिटियमचे किरण काचेतून बाहेर येण्याइतके बलवान नसतात, मात्र कुपी फुटू देऊ नये. आपल्याकडे रिक्षामागच्या चमकत्या पट्टीलाही ‘रेडियम’ म्हणण्याची पद्धत आहे. ती पट्टी नुसता परावर्तित प्रकाश परत पाठवते. खरे रेडियम विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळांच्या तबकड्यांवर रंगवले जाई, आणि ते रंगवणाऱ्या अनेक कामगार स्त्रियांचा त्याने बळी घेतला.

ट्रिटियमचे अर्धायुष्य 12.3 वर्षे आहे. म्हणजे 1990 मध्ये भरलेली कुपी बदलली नसेल, तर आज तिच्यात मूळच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढे ट्रिटियम उरले असेल. जुनी रायफल हाती घेणाऱ्याने कुपीचे वय आधी विचारावे. प्रकाशतंतूचे रंगीत ठिपके स्वस्त पडतात. ते आसपासचा उजेड गोळा करून टोकाशी आणतात, त्यामुळे ढगाळ दिवशी किंवा संधिप्रकाशात उत्तम आणि काळोखात निरुपयोगी. चमकता रंग आधी उजेडात धरावा लागतो आणि हळूहळू फिका पडतो.

उजळणाऱ्या माशीची खरी मर्यादा मात्र तिच्या वयात नाही. अंधारात तेजस्वी ठिपका प्रत्यक्षाहून मोठा व पसरट भासतो, त्यामुळे सूक्ष्म नेम साधत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, ठिपका फक्त नळी कोठे रोखली आहे ते सांगतो. समोर शत्रू आहे, सहकारी आहे की वाट चुकलेला गुराखी, हे त्याला ठाऊक नसते. नेम अचूक जुळतो आणि समोरचे मात्र ओळखता येत नाही, ही अवस्था नेम न जुळण्यापेक्षा घातक. ओळख पटवायला लक्ष्यावर प्रकाश टाकावा लागतो. आणि विजेरी लावली, की उजळलेल्या पार्श्वभूमीवर साधी काळी माशीही ठळक दिसू लागते! उरतो तो पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा अरुंद पट्टा, जेव्हा लक्ष्य ओळखू येते पण माशी दिसत नाही. ठिपक्यांचा खरा उपयोग तेवढ्यापुरता. सैनिकाला किंवा पहाऱ्यावरच्या शिपायाला तो पट्टा मोलाचा ठरू शकतो. नेमबाजीचा खेळ शिकणाऱ्याने त्यासाठी पैसे खर्चू नयेत, असे आमचे मत.

स्विस रायफलीची रचना या बाबतीत बोलकी आहे. तिच्या मागच्या फिरत्या नळकांड्यावर 200, 300 आणि 400 मीटरसाठी छिद्रे आहेत, आणि 100 मीटरच्या स्थानावर उघडी खाच व तिच्या दोन अंगांना चमकते ठिपके. स्वित्झर्लंडमध्ये सैनिकांना दरवर्षी सक्तीचा नेमबाजी सराव करावा लागतो. तो बहुतेक ठिकाणी दिवसाउजेडी 300 मीटरवर होतो, आणि त्या वेळी चमकती माशी दुमडलेलीच असते.