दवाखाना जखमींजवळ नेणारे डॉ. कोटणीस

आपल्या शहापूर-मुरबाडच्या काही पाड्यांवरून आजारी बाईला अजून झोळीतून दवाखान्यात न्यावं लागतं. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी दवाखानाच जखमींजवळ नेला. जपानने चीनवर हल्ला केला होता. १९३८ साली काँग्रेसने तिथे पाठवलेल्या पाच डॉक्टरांत ते होते. तिघे परतले, कोटणीस उत्तर चीनच्या डोंगरात, आघाडीवर राहिले. सैनिकांवर शस्त्रक्रिया करायचे आणि चिनी भाषा शिकून तिथल्या मुलांना डॉक्टरी शिकवायचे. १९४१ मध्ये त्यांनी परिचारिका क्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी फिटच्या आजाराने ते गेले. वय ३२, मुलगा जेमतेम तीन महिन्यांचा. शिकवलेले विद्यार्थी मात्र मागे राहिले. म्हणून बायांनो, गटातली एक तरी मुलगी नर्सिंगला पाठवू या.