काठावरचे जेवण

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांताच्या वायव्य भागात हजारो सरोवरे आहेत आणि त्यांतील बहुतेकांपर्यंत रस्ता जात नाही. अशाच एका सरोवरावरच्या मासेमारी लॉजविषयी हा थ्रेड आहे. चांगले चाललेले हे लॉज १९७० मध्ये मालकांनी स्वतःच बंद केले. त्याचे कारण समजण्यासाठी तिथल्या दुपारच्या जेवणाकडे पाहावे लागते.

तत्पूर्वी थोडे विमानांविषयी. १९३५ मध्ये नॉर्समन आणि १९४७ मध्ये बीव्हर ही पाण्यावर उतरू शकणारी कॅनेडियन विमाने प्रथम उडाली. महायुद्धानंतर त्यांतून हौशी मासेमार, बहुतेक अमेरिकन, या अरण्यात येऊ लागले. मुख्य लॉजवर जेवणघर, धक्का, होड्या आणि वाटाडे असत. ज्यांना एवढीही वर्दळ नको, त्यांच्यासाठी दूरच्या सरोवरांवर एकेकट्या लाकडी केबिन. विमान माणसे, शिधा आणि इंधन उतरवून निघून जाई व ठरल्या दिवशी परत येई. मधले दिवस सरोवर जणू पाहुण्यांच्या मालकीचे! ओजिब्वे लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, ही गोष्ट अशा वर्णनांत सहसा येत नाही.

वाबिगून नदी जिथे इंग्लिश नदीला मिळते, त्या बॉल लेकवर बार्नी आणि मॅरियन लॅम या दांपत्याचे लॉज होते. जवळच्या ग्रासी नॅरोज वस्तीतील ओजिब्वे तिथे वाटाडे म्हणून काम करीत. कोणत्या खडकाआड वॉलआय मासा सापडेल, वारा फिरल्यावर होडी कुठे न्यावी, हे त्यांना ठाऊक. दुपारी होडी काठाला लागे. वाटाड्या सकाळचेच मासे साफ करी, लाकडे पेटवी आणि कढईत मासे तळी. पाहुणा आणि वाटाड्या एकाच कढईतले खात. या काठावरच्या जेवणाची आठवण पाहुणे वर्षभर काढीत. फरक इतकाच की पाहुणा ते आठवडाभर जेवे, आणि वाटाड्या संपूर्ण मोसम. शिवाय घरीही मासेच.

आता नदीच्या वरच्या अंगाला, शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या ड्रायडेनला जाऊ. तिथल्या कागद गिरणीला लागणारी रसायने बनवणाऱ्या कारखान्यात पारा वापरला जाई. १९६२ ते १९७० या काळात सुमारे ९ ते १० टन पारा वाबिगून नदीत सोडला गेला. तळच्या गाळातील जिवाणू अशा पाऱ्याचे मिथिलपारा या अधिक घातक रूपात परिवर्तन करतात. ते सूक्ष्म जीवांतून लहान माशांत आणि लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जाते. वॉलआय आणि पाइक हे मोठे शिकारी मासे, म्हणजे पाहुण्यांना नेमके जे हवे तेच.

हे अज्ञानातून घडले असे म्हणता येईल का? जपानमधील मिनामाताचा आजार १९५६ मध्येच नोंदला गेला होता आणि जपान सरकारने १९६८ मध्ये त्याचे कारण मिथिलपारा असल्याचे मान्य केले होते. तरीही कॅनडातील माशांत पारा असल्याचे उघडकीस आणण्यात मोठा वाटा होता नॉरवाल्ड फिमरेटे या नॉर्वेजियन विद्यार्थ्याचा, आणि तो होता प्राणिशास्त्राचा!

१९७० मध्ये या नद्यांवरील व्यापारी मासेमारी थांबवण्यात आली. लॅम दांपत्याने लॉजला कुलूप लावले. मॅरियन लॅम यांनी पुढे या प्रकरणाची कागदपत्रे जमवली. तो संग्रह आज हार्वर्ड विद्यापीठात आहे. प्रांतिक सरकारने मात्र हौशी मासेमारी चालूच ठेवली. ‘मौजेसाठी मासे पकडा’ अशा अर्थाचे फलक लागले: पकडा, पण खाऊ नका. सरकारी कागदपत्रांतील इतके थंड वाक्य माझ्या वाचनात क्वचितच आले असेल. पर्यटकासाठी ही अट सोपी होती. वाटाड्याची मजुरी, व्यापारी मासेमारीतून येणारे उत्पन्न आणि ताटातले अन्न तिन्ही एकाच पाण्यातून येत होते, आणि पहिल्या दोहोंवर एकाच वर्षी घाला पडला. तिसरे अनेकांना सोडणे शक्यच नव्हते.

१९७५ मध्ये मिनामाताच्या रुग्णांवर आयुष्य वेचणारे डॉ. मासाझुमी हारादा ग्रासी नॅरोजला आले. त्यांना तिथे मिनामातासारखीच लक्षणे आढळली: बधिर हातपाय, आक्रसलेली दृष्टी, तोल जाणे. नुकसानभरपाईचा समझोता व्हायला १९८५ उजाडले. हारादा त्यानंतर २००२, २००४ आणि २०१० मध्येही परतले, पूर्वी तपासलेल्यांपैकी जे हयात होते त्यांना पुन्हा तपासण्यासाठी. नदी स्वच्छ करण्यासाठी साडेआठ कोटी डॉलर देण्याचे ऑन्टारियोने जाहीर केले ते २०१७ मध्ये, म्हणजे लॉज बंद झाल्यानंतर ४७ वर्षांनी.