कसाऱ्याचा घाट उतरणारी ड्रायव्हरबाई



सप्टेंबर 2025 मध्ये दिल्लीहून मुंबईला जाणारी एक राजधानी एक्स्प्रेस इगतपुरीहून कसाऱ्याचा घाट उतरली आणि खर्डी, आटगाव, आसनगाव, वाशिंद मागे टाकत पुढं गेली. आपल्यातली एखादी तेव्हा फाटकापाशी डोक्यावर भारा घेऊन उभीही असेल. त्या गाडीच्या इंजिनात सुरेखा यादव होत्या. छत्तीस वर्षांच्या नोकरीतली ती त्यांची शेवटची फेरी.

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. मुरबाडच्या कारखान्यात, अंगणवाडीत, दवाखान्यात बाई वर्षानुवर्षं राबते, पण मागून आलेला पुढं निघून जातो. असं का? बढती कशानं मिळते आणि कशानं हुकते? उपदेशाची पुस्तकं पुष्कळ आहेत. आम्हाला वाटलं, त्यापेक्षा आपल्या दारावरून गाडी नेणाऱ्या बाईची हकीकत सांगावी.

आपल्याकडची रेल्वे तशी फार जुनी. 1855 मध्ये ती कल्याणहून वाशिंदपर्यंत आली, 1861 मध्ये कसाऱ्याला पोचली आणि घाट फोडून 1865 मध्ये इगतपुरीला गेली. (मुरबाडकर बायका मात्र अजून एसटीनंच कल्याण गाठतात, हे आम्ही विसरलेलो नाही.) घाटाचा चढ असा, की सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. म्हणून कसाऱ्याला गाडीला जादा इंजिनं लावतात. एवढी वर्षं ही लाइन चालली, पण इंजिनात बाई नव्हती.

सुरेखाताई साताऱ्याच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. भावंडांत थोरल्या. कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेची जाहिरात बघून अर्ज भरला. कल्याणच्या प्रशिक्षण केंद्रात सहा महिने शिकल्या आणि 1989 मध्ये असिस्टंट ड्रायव्हर झाल्या. म्हणजे पायरी पहिली, सगळ्यात खालची. पहिली गाडीही मालगाडीच, वाडीबंदर ते कल्याण.

असिस्टंटचं काम काय? इंजिन तपासायचं, मागं वळून गाडी नीट येते का बघायचं, आणि सिग्नल दिसला की तो मोठ्यानं पुकारायचा. ड्रायव्हरलाही तो दिसत असतो, तरी दोघांनी पुकारायचा. आम्हाला ही गोष्ट फार आवडली. आपण बायका कामाच्या जागी चूक दिसली तरी मनात ठेवतो. साहेबांना दिसलंच असेल, आपण कशाला बोला! रेल्वेत असं गप्प राहणं चालत नाही. एक लाल सिग्नल ओलांडला गेला तर माणसं मरतात, आणि ड्रायव्हरची नोकरी धोक्यात येते ते वेगळंच.

दुसरी रीत रस्ता शिकण्याची. कितीही जुना ड्रायव्हर असो, नव्या मार्गावर त्याला लगेच गाडी देत नाहीत. आधी दुसऱ्याबरोबर फेऱ्या मारून चढ, वळण, सिग्नलची जागा पाठ करायची. काही महिने त्या मार्गावर गेलं नाही, तर पुन्हा शिकायचं. ‘मला सगळं येतं’ म्हणायची सोयच नाही.

अशा पायऱ्या चढत सुरेखाताई 1996 मध्ये मालगाडी चालवू लागल्या. 2000 साली लोकल हाती आली, आणि महिलांसाठीची लेडीज स्पेशलही त्यांनी चालवली. लोकलच्या केबिनमध्ये मोटरमन एकटाच असतो. हातातली मूठ सुटली की गाडी आपोआप थांबते. 2010 मध्ये त्या घाटातल्या गाड्यांसाठी तयार झाल्या, 8 मार्च 2011 ला पुण्याहून डेक्कन क्वीन घेऊन मुंबईला आल्या, त्याच वर्षी मेल-एक्स्प्रेसच्या ड्रायव्हर झाल्या. 13 मार्च 2023 ला सोलापूरहून वंदे भारत आणली. मधल्या काळात कल्याणच्या केंद्रात नव्या मुलामुलींना शिकवलंही.

मोजून बघा. मालगाडी ते मेल, पंधरा वर्षं. घाई कुठंच नाही, पण आलेलं प्रशिक्षण घेतलं आणि पुढची पायरी नाकारली नाही.

नाकारणं हीच आपली मोठी खोड आहे, असं आमचं मत. बढतीचा कागद येतो, आणि लांबची बदली, रात्रपाळी, पोरांची शाळा आठवून आपणच ‘नको’ लिहून देतो. रेल्वेत असं लिहून दिलं की वर्षभर पुन्हा विचार होत नाही, आणि मागचे पुढं जातात.

पण सगळा दोष सवयीला देऊ नये. रेल्वेच्या इंजिनांत कित्येक दशकं संडासाची सोय नव्हती. दहा-दहा तास पाणी न पिता गाडी चालवणाऱ्या बाईला ‘चिकाटी ठेव’ म्हणणं सोपं आहे. घरी पोरं कोण सांभाळणार, हा प्रश्न पुरुषाला बढतीच्या वेळी कुणी विचारत नाही. सुरेखाताईंचे यजमान पोलिसात होते आणि त्यांची साथ होती, हे त्यांच्या हकिकतीतून वगळता येत नाही.

आणि कागद! आमच्यातली एक जण एका कार्यालयात बावीस वर्षं होती. कामाला चोख, रजा कमी. बढतीच्या वेळी कळलं, तिनं केलेल्या दोन प्रशिक्षणांची सेवापुस्तकात नोंदच नाही. तिनं कधी ते उघडून बघितलं नव्हतं. बघायला मागणं म्हणजे साहेबांवर अविश्वास, असं तिला वाटायचं. यादी लागली, तिचं नाव नव्हतं. त्या दिवशी ती घरी न जाता आधी आमच्याकडे आली.

मदतनीस सेविका होऊ शकते, सेविका मुख्यसेविका होऊ शकते. त्यासाठी शिक्षणाची अट असते, अनुभवाची वर्षं मोजली जातात, आणि ती कागदावरूनच मोजतात. आपली नोंद बघायला मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून ती मागता येते. तो अर्ज कसा लिहायचा, ते पुढच्या भागात ओळ न् ओळ सांगू. वही-पेन घेऊन बसा, आणि गटात जिला लिहिता येत नाही तिच्या शेजारी लिहिता येणारीला बसवा.