पुराचा गाळ उपसणाऱ्यांची छाती

२०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४३. पाणी ओसरल्यावर सफाई कामगार गाळात उतरले. तेव्हा लेप्टोस्पायरोसिसची भीती होती, ती रास्तच. पण गाळ वाळला की धूळ होते, त्यात ब्लीचिंग पावडर. दोन्ही श्वासनलिकांना त्रासदायक. मी पाहिलेल्या बहुतेकांच्या तोंडाला नुसता रुमाल होता!

२००१ मध्ये न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. तिथली धूळ कितीतरी जहाल, सिमेंट-काचेची. ढिगारा उपसणाऱ्यांचा खोकला, दमा वर्षानुवर्षे टिकला. २०११ मध्ये लागू झालेल्या कायद्याने त्यांच्या सरकारी खर्चाने होणाऱ्या तपासणीला आणि उपचारांना कायद्याचा आधार मिळाला.

तुम्ही गाळ उपसला असेल आणि आता जिना चढताना धाप लागत असेल, तर डॉक्टरांना ते काम आवर्जून सांगा. स्पायरोमेट्री करून घ्या.