एनडीव्हीआय म्हणजे काय? सॅटेलाइटला जंगल कसं दिसतं?

सॅटेलाइटचा सेन्सर आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही टिपतो. झाडांची बरीच माहिती त्यातूनच मिळते.

पानातलं हरितद्रव्य अन्न तयार करण्यासाठी लाल प्रकाश शोषून घेतं. निअर इन्फ्रारेड, म्हणजे लाल रंगाच्या पलीकडचा न दिसणारा प्रकाश, मात्र पानाच्या आतल्या रचनेमुळे मोठ्या प्रमाणात परत फेकला जातो. निअर इन्फ्रारेडमधून लाल वजा करा आणि उत्तराला दोघांच्या बेरजेने भागा. हाच एनडीव्हीआय. तो -१ ते +१ यांच्या दरम्यान असतो.

समजा, एखाद्या जागेवरून ४५ टक्के निअर इन्फ्रारेड आणि ५ टक्के लाल प्रकाश परत आला. मग ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. ही झाली दाट हिरवळ. उघड्या जमिनीचा आकडा शून्याच्या जरा वर असतो.

पण लक्षात ठेवा, हा आकडा हिरवळ मोजतो, जंगल नाही. मेळघाटातला साग उन्हाळ्यात पानं गाळतो. त्यामुळे ऑक्टोबर आणि एप्रिलच्या इमेज शेजारी ठेवल्या, तर एकही झाड न तोडता जंगल गायब झाल्यासारखं वाटेल. उलट, उभ्या उसाचा आकडाही जंगलाइतका येऊ शकतो.

युरोपच्या सेंटिनल-२ सॅटेलाइटच्या इमेज कोपर्निकस ब्राउझरवर फुकट बघता येतात. व्हॉट्सॲपवर जंगलतोडीचा 'आधी-नंतर' फोटो आला, तर दोन्ही इमेज एकाच महिन्यातल्या आहेत का, हे बघूनच फॉरवर्ड करा.