संपर्कबिंदूंवरचा काट

तांब्या-पितळेवर हवेने काट चढतो. भांड्यावर तो फक्त दिसायला वाईट, पण स्विच किंवा रिलेच्या संपर्कबिंदूवर चढला की विजेची वाटच अडते. ही अडचण तारायंत्राच्या काळापासूनची आहे. 1844 मध्ये मोर्सची वॉशिंग्टन-बाल्टिमोर तारवाहिनी सुरू झाली. पुढे तारेचा पसारा वाढला, तशी तारेच्या किल्लीवर आणि रिलेवर दिवसभर उघडझाप होऊ लागली. दर उघडझापीला ठिणगी पडे आणि धातूला खड्डे पडत. न गंजणारे प्लॅटिनम म्हणूनच महाग असूनही टोकांना वापरले जाई. त्यावर साचलेली काजळी बारीक कानशीने किंवा टोकांमध्ये धरून ओढलेल्या कागदाच्या पट्टीने काढत.

सफाईचा खरा व्याप वाढला तो स्वयंचलित टेलिफोन एक्स्चेंजमुळे. कॅन्सस सिटीत अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या अल्मन स्ट्रोजरला 1891 मध्ये अशा स्विचचे पेटंट मिळाले. पुढच्याच वर्षी इंडियानातल्या ला पोर्ट गावी पहिले व्यापारी एक्स्चेंज उघडले. हिंदुस्थानात ही यंत्रणा 1913-14 मध्ये सिमल्याला आली. स्ट्रोजर यंत्रातला सरकता हात धातूच्या पट्ट्यांवरून घासत जाई आणि त्या घासण्यानेच पट्ट्या थोड्याफार साफ होत. रिलेंना मात्र ही सोय नव्हती.

रिलेंना पुष्कळदा चांदीची टोके असत. चांदी ऑक्सिजनला फारशी दाद देत नाही. तिचा वैरी गंधक. कोळशाच्या धुरातला आणि रबरातून सुटणारा गंधक तिच्यावर काळा सल्फाइड चढवतो. एक्स्चेंजच्या 50 व्होल्टच्या आसपासच्या दाबापुढे हे पुट सहसा फाटे. बोलण्याचा प्रवाह मात्र इतका क्षीण की तो तिथेच अडे आणि ग्राहकाच्या कानात खरखर ऐकू येई. यावर एक युक्ती निघाली: बोलण्याच्या मार्गातून थोडा एकदिश प्रवाह सतत सोडायचा, म्हणजे पुट फुटून वाट मोकळी राहते. हाताने सफाई करायची झाली तर घोटणीची पातळ पोलादी पट्टी वापरत. घासकागद वर्ज्यच, कारण त्याचे कठीण कण मऊ धातूत रुतून बसतात. शिवाय वरचा मुलामा पातळ असेल तर तोही निघून जातो.

अमेरिकेत 1938 पासून आलेल्या क्रॉसबार एक्स्चेंजांत पॅलेडियमची टोके होती. गंधकाने ती काळवंडत नसत, पण त्यांच्यावर तपकिरी भुकटी साचू लागली. 1958 मध्ये बेल प्रयोगशाळेच्या हर्मन्स आणि ईगन यांनी त्याचे कारण मांडले: इन्सुलेशनसारख्या पदार्थांतून निघणाऱ्या सेंद्रिय वाफा घर्षणाने पॅलेडियमवर बहुवारिक होऊन बसतात. म्हणजे गंजाला न जुमानणारा धातूच या मळाला जन्म देत होता. त्यावर सोन्याचा पातळ थर दिल्यावर भुकटी आटोक्यात आली.

दुसरा मार्ग संपर्क हवेपासूनच तोडण्याचा होता. बेल प्रयोगशाळेत 1930 च्या दशकात काचेच्या नळीत बंद केलेला रीड स्विच तयार झाला. 1965 मध्ये न्यू जर्सीतल्या सकासना येथे सुरू झालेल्या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजमध्येही असेच बंद संपर्क होते.

धुण्याची द्रव्येही बदलत गेली. एके काळी सर्रास वापरले जाणारे कार्बन टेट्राक्लोराइड यकृताला घातक ठरले. त्याच्या जागी आलेला सीएफसी-113 ओझोनच्या थराला बाधक निघाला आणि 1987 च्या माँट्रियल करारानंतर बाजारातून हटला. आज तेलकट मळासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल चालते. चांदीवरचा सल्फाइड मात्र त्याने निघत नाही, तो अजूनही घोटूनच काढावा लागतो.