विळी आणि सुरी : चिरण्याच्या गृहशिक्षणाचा भाषिक इतिहास

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची साधने म्हणून बखरी, महजर, सनदा यांचा अभ्यास विपुल झाला आहे. स्वयंपाकघरातील हस्तकौशल्यांकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने थोडे गेले. याचे कारण उघड आहे. ही कौशल्ये लिहून ठेवण्याची गरज कोणास वाटली नाही; ती आईकडून मुलीकडे व सासूकडून सुनेकडे प्रत्यक्ष कृतीने गेली. लेखी पुरावा जेथे तोकडा पडतो तेथे शब्द हाच पुरावा होतो. भाजी चिरण्याच्या कौशल्याचा इतिहास प्रायः अशा शब्दांतच साठलेला आहे.

लेखी साधने अगदीच नाहीत असे नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात मांसाचे तुकडे केवढे करावेत हे बोरासारख्या फळांच्या आकारमानावरून सांगितले आहे. ‘बोराएवढा गूळ’, ‘सुपारीएवढी चिंच’ ही मराठी गृहिणीची परिमाणे त्याच पद्धतीची होत. परंतु तुकडा केवढा हे सांगणारा ग्रंथकार तो कसा करावा हे सांगत नाही. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या ‘सूपशास्त्र’ या ग्रंथापासून मराठीत छापील पाकग्रंथांची परंपरा सुरू झाली. तीतही ‘बारीक चिरून घ्यावे’ एवढ्याच वाक्यावर काम भागते. वाचणाऱ्या स्त्रीला चिरता येते, हे या वाक्यात गृहीत धरलेले आहे.

हे गृहीत ज्ञान ज्या साधनाभोवती वाढले ते साधन म्हणजे विळी. लाकडी पाटावर उभे बसवलेले वक्र पाते आणि त्याच्या टोकाला नारळासाठी दातेरी खवणी, अशी तिची सर्वसामान्य रचना असते. सुरीहून तिचा मूलभूत भेद असा की, सुरीत पाते हलते व वस्तू स्थिर राहते. विळीत पाते स्थिर असून वस्तू हलते. चिरणारी व्यक्ती जमिनीवर बसते, पाट पायाखाली दाबून धरते आणि दोन्ही हातांत धरलेली भाजी आपल्याकडे वळलेल्या धारेवर पुढे लोटते. तात्पर्य, येथे देहाचा भार, पायाचा दाब व बोटांचा अंदाज हे सर्व मिळून एकच अवजार होते. असे साधन महाराष्ट्रापुरते मर्यादित नाही. बंगाली बँटी, तेलुगू कत्तिपीट, तमिळ अरिवाळ्मणै आणि कानडी ईळिगेमणे ही त्याचीच भावंडे आहेत. खेड्यांतील मराठीत विळीला ‘इळी’ म्हणतात. या रूपाचे कानडी ‘ईळिगे’शी असलेले साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे. अडकित्ता या शब्दात तर कानडी ‘अडके’ म्हणजे सुपारी स्पष्टच दिसते. उलटपक्षी सुरी हा शब्द संस्कृत ‘छुरिके’पासून आला आहे, आणि चाकू फारसीतून.

क्रियापदांचा पुरावा याहून महत्त्वाचा आहे. मराठीत भाजी चिरतात, मासळी कापतात, नारळ खवतात, गाजर किसतात, शेंगा सोलतात, मेथी खुडतात, गवार मोडतात आणि कोशिंबिरीसाठी काकडी चोचवतात किंवा कोचवतात. भाजी ‘चिरणे’ हा हिंसावाचक ‘कापणे’ टाळण्यासाठी योजलेला सौम्य शब्द असावा, असे एखाद्यास वाटेल. परंतु ‘गळा चिरणे’ हा प्रयोग पाहता ही उपपत्ती टिकत नाही. भेद क्रियेच्या स्वरूपाचा आहे. ‘चिरणे’ याचा संबंध ‘चीर’शी आहे, व त्यात धारेवरून ओढत नेण्याचा भाव आहे; ‘कापणे’ प्राकृत ‘कप्प’पासून आलेले असून त्यात तोडून वेगळे करण्याचा भाव प्रधान आहे. भरल्या वांग्याला देठाशी जोडलेल्या चार चिरा द्यावयाच्या असतात. वांगे कापले गेले तर मसाला बाहेर पडतो. फोड, काप, चकती, फाक ही नामेही अशीच हाताच्या वेगवेगळ्या हालचालींची नावे आहेत. ‘कांदा उभा चिर’ एवढे म्हटले की मुलीला धारेची दिशा कळे.

शिक्षणाचा क्रमही या शब्दसंग्रहातून दिसतो. सोलणे, खुडणे व मोडणे यांत पाते लागत नाही. ही कामे लहान मुलीकडे येत. पुढे भेंडी, मग कांदा, आणि शेवटी हाताला तेल लावून चिरावयाचे सुरण, फणस व केळफूल. हे शिक्षण निषेधांनीही बांधलेले होते. नागपंचमीस चिरणे, कापणे वर्ज्य असल्याने त्या दिवशी विळी विसावते व पुरणाची दिंडे उकडली जातात. अखंड कोहळ्यावर पहिला घाव पुरुषाने घालावा, असाही संकेत अनेक घरांत होता. रोजचे चिरणे स्त्रीचे आणि विधीचे छेदन पुरुषाचे, ही विभागणी लक्षणीय आहे. या कौशल्याचा गौरव करताना ते बहुधा निवडीने नव्हे तर सक्तीने, अनेकदा बालवयातील विवाहानंतर परक्या घरी शिकले जाई, याचा विसर पडू देणे इतिहासास धरून होणार नाही.

१९१६ मध्ये महर्षी कर्व्यांनी स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने गृहव्यवस्था हा विषय अभ्यासक्रमात आणला आणि घरकामाला पाठ्यविषयाची प्रतिष्ठा मिळाली. तथापि विळीचे स्थान बदलले ते पाठ्यपुस्तकाने नव्हे, तर ओट्याने. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहरी घरांत उभ्याने स्वयंपाक रूढ झाला. उभ्याने काम करणारीस सुरी व लाकडी फळी सोयीची. बसून चिरणे म्हणजे पुन्हा खाली वाकणे. गुडघेदुखीचा व जागेच्या टंचाईचा विचार करता हा बदल समर्थनीयच म्हणावा लागेल. शिवाय ओट्यापाशी पुरुषही उभा राहू शकला. विळीवर तो घरच्या स्वयंपाकासाठी क्वचितच बसला होता.

परंतु साधनाबरोबर शब्दही मागे पडतात. आजच्या शहरी मराठीत चिरणे, कापणे व कोचवणे या तिन्हींच्या जागी ‘कट करणे’ हा एकच प्रयोग सर्रास ऐकू येतो. त्यामुळे भाषा बाटली, असा आक्षेप शास्त्रीय नव्हे. भाषा गरजेप्रमाणे बदलत असते. मुद्दा निराळा आहे. ज्या ज्ञानाला ग्रंथ नव्हता, त्याचा कोश हीच क्रियापदे होती. विळीचे नाव मोल्सवर्थच्या कोशात आहे आणि ‘विळ्याभोपळ्याचे सख्य’ या वाक्प्रचारात तिचा थोरला भाऊ विळाही टिकेल. परंतु ‘चोचवणे’ म्हणजे हाताने नेमके काय करावयाचे, हे कोशातील अर्थावरून कळत नाही. ते दाखवू शकणाऱ्या वृद्ध स्त्रिया आज हयात आहेत. बोलींच्या सर्वेक्षणात शब्दाबरोबर कृतीचीही नोंद झाली, तरच पुढील अभ्यासकाच्या हाती शब्दाबरोबर त्याचा अर्थही येईल.